उजवी पाकळी

काजूचा हंगाम आमच्याकडे चिरडण्यानं सुरू होतो. परवा सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल दारात आली आणि तिच्या मागच्या चाकाखाली एक पिकलेला बोंडू फचकन फुटला. पोदेरानं पाव दिले, भोंगा वाजवला आणि तो पुढच्या घराकडे गेला. दाराशी त्या फुटलेल्या बोंडवाचा वास राहिला, गोड, आंबूस, नाकातून थेट डोक्यात चढणारा. मी पाव हातात धरून तशीच उभी. साठी उलटली, शाळेतली नोकरी संपली, गुडघे कुरकुरायला लागले, पण या वासापुढे माझं काही चालत नाही. दरवर्षी तो मला मानेला धरून त्याच एका उन्हाळ्यात नेऊन टाकतो.

शहरातली माणसं या दिवसांत आमच्याकडे हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, प्यायला येतात. भाटीजवळच्या सावलीत बसतात, लिंबू पिळतात आणि म्हणतात, किती शांत आहे हो तुमचं गाव. मी मान डोलावते. शाळेत तीस वर्षं काढली की चुकीच्या उत्तरालाही मान डोलावता येते. काजूच्या हंगामात शांत काय असतं? फळ झाडावरून पडतं ते पिरगाळून बी वेगळी करायची. बोंडू कातळात कोरलेल्या टाकीत ओतायचे आणि पुरुषांनी त्यात उतरून पायांनी तुडवायचे, मांड्यांपर्यंत रस उडेस्तोवर. उरलेल्या चोथ्यावर धोंडे ठेवून त्याचा शेवटचा थेंब काढायचा. तो रस कुजवायचा, मग जाळावर चढवायचा. बियांची तर गोष्टच वेगळी. त्यांच्या सालीतला चीक कातडी सोलून काढतो. बी भाजताना जाळ असा भडकतो की भुवया जातात. मार्च ते मे माझ्या बोटांच्या टोकांना कातडी नसायची. हे सगळं करून जे उरतं ते माणसं काचेच्या ग्लासात ओतून पितात आणि त्याला शांतता म्हणतात.

आमचा गाव डिचोली तालुक्यात, नार्व्याहून वर, डोंगराच्या कुशीत. कुशीत म्हणायचं ते सवयीनं. त्या डोंगराची एक बाजू खाणीनं आधीच खाल्ली होती. आम्ही लहान होतो तेव्हा दुपारी भोंगा वाजायचा, मग सुरुंग उडायचे आणि घरातली भांडी एकमेकांवर आपटायची. भोंगा ऐकला की पोरं कानांवर हात ठेवायची आणि स्फोट झाला की टाळ्या वाजवायची. आमची पिढी अशी वाढली की डोंगर म्हणजे फोडायची वस्तू, त्यात वाईट वाटण्यासारखं काही असतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आमचे वडील त्याच खाणीवर ट्रक चालवत आणि लाल धूळ गिळून लवकर गेले. मग आई, मी आणि थोरला भाऊ दत्तूदादा, आम्हा तिघांना सांभाळलं ते पांडूकाकांनी.

काका वडिलांचे धाकटे भाऊ. शेजारच्याच घरात ते आणि त्यांचा मुलगा बाबलो राहत. काकू नव्हती. आम्ही गुरव, गावच्या रवळनाथाची पूजा आमच्या घराण्याकडे, आणि ती काका करत. माणूस बुटका, कमी बोलणारा, तपकीर ओढून शिंकणारा. पण त्यांचा उजवा हात गावात कुणाहीपेक्षा मोठा होता, कारण त्या हातानं देवाला पाकळी लावली जायची.

पाकळी म्हणजे आमच्याकडचा कौल. पिटकोळीच्या फुलांच्या पाकळ्या पाण्यात भिजवून गुरव त्या मूर्तीच्या अंगाला चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. लग्न, विहीर, भांडण, म्हशीचं हरवणं, सगळं आमच्याकडे पाकळीवर ठरतं. आमचा रवळनाथ काळ्या दगडाचा आहे. हातात तलवार, डोळे मोठे. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. पुढे मला माणसांची वाटायला लागली.

खाणीतलं खनिज संपलं आणि खाण बंद पडली, त्याला दोन वर्षं झाली होती. गावातले पुरुष घरात बसले होते. ज्या घरात पुरुष दिवसा घरात असतो त्या घरात भांडी जास्त फुटतात, हे मला तेव्हा कळलं. दादाचं लग्न ठरलं होतं, पण मुलीच्या बापानं सांगितलं की नोकरी लागू दे, मग बघू. दादा दिवसभर अंगणात कुऱ्हाडीला धार लावत बसायचा. तोडायला काही नव्हतं, तरी धार लावायचा. त्या आवाजानं आईचं डोकं दुखायचं आणि तिला ते बोलायचं धैर्य नव्हतं.

अशा गावात पांढरी जीप आली. आतला माणूस स्वतःला सुदर्शन म्हणवायचा, आम्ही त्याला सुदर्शनबाब म्हणू लागलो. चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांचा, केस मागे वळवलेले. देवळाच्या पायरीला हात लावून कपाळाला लावायचा. आमच्याकडे पेज जेवला तेव्हा खाली पाटावर बसला आणि कुलेरानं, चमच्यानं हो, ताट खरवडून खाल्ली, वर आईला म्हणाला की माझ्या आईच्या हातची आठवण झाली. आईनं त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा वाढलं. आम्हाला दुसऱ्यांदा वाढण्याइतकी पेज तेव्हा घरात नसायची.

त्याला आमच्या डोंगरावर कारखाना काढायचा होता. बोंडवाच्या रसाचा, बाटल्यांत भरून परदेशी पाठवण्याचा. तुयेला जशी कारखान्यांची वसाहत झाली तशीच इथे होईल, म्हणाला, घरटी एक माणूस कामाला, बायकांनासुद्धा सावलीतलं काम. नकाशा होता त्याच्याकडे, निळ्या शाईचा, त्यावर आमच्या डोंगराला चौकोन काढलेले. आणि त्यानं आमच्याकडे एक पैसा मागितला नाही. आम्ही काही अगदीच खुळे नव्हतो. पैसे मागणारे ठग आम्ही पाहिले होते, गल्फला नेतो म्हणणारे, दुप्पट करून देतो म्हणणारे, त्यांना आम्ही वेशीवरून परत लावलं होतं. म्हणूनच हा आम्हाला खरा वाटला. जो मागत नाही तो फसवत नाही, एवढंच आमचं गणित होतं आणि तो ते गणित शिकूनच आला होता.

त्याला हवी होती फक्त मोकळी जागा. डोंगरावर देवाची राय होती, देवाच्या नावानं राखलेलं रान. वरच्या अंगाला काजू, खाली फणस, किंदळ, शिवण, दोघांच्या कवेत न मावणारे बुंधे. ती तेवढी साफ करून द्या, म्हणाला, लाकूड हलवायला ट्रक मी आणतो, तुम्हाला कशाला त्रास. रायीतली काटकी तोडायची तरी देवाला विचारावं लागे. तेव्हा गावानं कौल लावायचा ठरवला.

पहिल्या दिवशी डावी पाकळी पडली. लगेच पडली, गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आधीच. देवळात सगळ्यांचे खांदे एकदम उतरले. काकांनी ताम्हन उचललं आणि तपकिरीच्या आवाजात म्हणाले, "नाय म्हणता तो." सुदर्शनबाब हात जोडून उभा होता. तो रागावला नाही, त्यानं समजूतही घातली नाही. एवढंच म्हणाला, "देवाची इच्छा नसेल तर मी पुढच्या गावात जातो. माझं काही अडत नाही." आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण इतकं हुशार वाक्य दुसरं ऐकलं नाही. तो निघाला आणि गावच्या जाणत्यांनी त्याला जीपपाशी अडवलं. प्रश्न नीट विचारला गेला नसेल, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी प्रश्न फिरवून विचारला. पुन्हा डावी. तेव्हा ठरलं की देवाला तिसऱ्यांदा विचारायचं, आणि तिसऱ्यांदा देव जे सांगेल ते शेवटचं. देवानं दोनदा नाही म्हटलेलं शेवटचं का नव्हतं, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

फुलं आणून द्यायचं काम माझं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी परसात पिटकोळी खुडत होते तेव्हा दादा मागून आला. त्याची दाढी वाढली होती. त्यानं माझा दंड धरला, इतका घट्ट की त्याच्या बोटांचे वळ मग आठवडाभर राहिले. "सुमे, काय तरी कर," म्हणाला. "पाकळी उजवी पडूक होयी." मी म्हटलं, मी काय करणार, पाकळी काका लावतात. त्यानं दंड सोडला आणि तो खाली बसला. मोठा माणूस तो, मातीत बसून रडायला लागला. मला त्याची दया आली असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता, आणि देवाचा, आणि आमच्या घरातल्या त्या सततच्या धार लावण्याचा. मला कारखाना हवा होता. मला सावलीतलं काम हवं होतं, माझ्या बोटांना कातडी हवी होती.

मी नुकतंच न्हाऊन केसांना तेल चोपडलं होतं. ताटलीतल्या पाकळ्या मी दोन बाजूंना केल्या. उजव्या बाजूच्या एकेक करून केसांवरून फिरवल्या, दोन्ही अंगांनी, हळूहळू, जशी वात तेलात भिजवतात तशी. पाणी तेलावर ठरत नाही हे कुणाही बाईला कळतं. दादानं पाहिलं आणि तो उठून गेला.

ताटली मी काकांच्या पुढ्यात ठेवली, कुठली बाजू कुठे ते पाहून. काकांनी पाकळ्या भिजवल्या, लावल्या. गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी अशी घसरली की जणू कुणी ढकलली. देऊळ ओरडून उठलं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, दादानं मला उचलून गोल फिरवलं. सुदर्शनबाब मूर्तीपुढे आडवा पडला होता आणि काका पडलेल्या पाकळीकडे बघत उभे होते. त्याच दुपारी देवळाच्या ओट्यावर बसून सगळ्यांनी त्याच्या कागदावर सह्या केल्या, अंगठे उमटवले. कागद वाचला नाही. देवानं होकार दिल्यावर कागद वाचायचा कशाला?

मग ते आठ दिवस. त्यांच्याबद्दल मी कधी लिहिलं नाही, कारण लिहायचं तर खरं लिहावं लागेल, आणि खरं हे की गावाचे ते सगळ्यांत आनंदाचे दिवस होते. सकाळ उजाडली की कुऱ्हाडी, कोयते, दोरखंड घेऊन सगळा गाव डोंगरावर. दोन वर्षं रिकामे बसलेले हात. पहिला घाव बसला तो एका म्हाताऱ्या फणसावर, आणि चीक उडून दादाच्या छातीवर पांढरा ओघळ आला. तो हसला. त्याला मी दोन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. काजू ऐन भरात होते, लाल, पिवळे, फांदी फांदी वाकलेली. झाड पडलं की शेकडो बोंडू एकदम फुटायचे. त्यांच्या रसात पाय घसरायचे. किंदळाच्या फांदीला आग्या माश्यांचं पोळं होतं, ते खाली आलं आणि एका माणसाचा चेहरा असा सुजला की त्याच्या आईनं त्याला आवाजावरून ओळखलं. तरी काम थांबलं नाही. माकडाचं एक पिल्लू फांदीबरोबर आलं, ते कुत्र्यांनी आमच्यासमोर फाडलं, आणि त्याची आई पुढच्या झाडावर बसून किंचाळत राहिली, ते झाड पडेस्तोवर. आम्ही बायका फांद्या ओढत होतो, पेज पोहोचवत होतो, गाणी म्हणत होतो. मी गात होते. मोडण्यात एक मजा असते आणि ती आधी हातांना कळते. लढायांविषयी वाचते तेव्हा मला नवल वाटत नाही, मी त्या आठ दिवसांत होते.

काका डोंगरावर आले नाहीत.

ट्रक आले आणि लाकूड गेलं. फणस, शिवण, किंदळ, सगळे सोट नीट मापानं कापून गेले, काजूचा पाला आणि फांद्या तेवढ्या आम्हाला राहिल्या. शेवटच्या ट्रकबरोबर जीप गेली. सामान घेऊन येतो, म्हणाला. आम्ही वाट बघितली. एक आठवडा, दोन, महिना. डोंगरावरचे तुटलेले बोंडू उन्हात कुजले, आणि तो वास खाली गावात आला तो जाईचना. घरात, कपड्यांत, पाण्यात. जेवताना लोक नाक धरायचे. मग एका सकाळी सरकारी माणसं आली, उघडा डोंगर पाहिला आणि आमच्याच सह्यांचा कागद आम्हाला दाखवला. त्यात लिहिलं होतं की आम्ही गावकरी स्वखुशीनं, स्वतःच्या गरजेसाठी, ही झाडं तोडत आहोत. सुदर्शन नावाच्या माणसाचा त्यात उल्लेख नव्हता. कारखान्याचाही नव्हता. गल्लीतल्या पोरांनीसुद्धा त्या दिवशी खेळ बंद केले होते.

त्याला शोधायला काहीजण बाहेर पडले. हरमलला कळलं की तिथल्या मासेमाऱ्यांना त्यानं बर्फाच्या कारखान्याचं सांगितलं होतं, वेगळ्या नावानं. पुढे कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं. पांढरी जीप हाताला लागली असती तर लोकांनी तिचे तुकडे केले असते. ती लागली नाही. हात मात्र अजून तसेच होते, कुऱ्हाडीला सोकावलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पूजा आटपून देवळाबाहेर आले तेव्हा अंगणात गाव उभा होता. देव खोटं बोलत नाही, म्हणजे गुरव खोटं बोलला, असं ठरूनच ते आले होते. सुदर्शनबाबानं गुरवाला फितवलं, त्यानं पाकळी सैल लावली. "देवाच्या नावान फशयला ह्यान," कुणीतरी म्हणालं, आणि पहिला धोंडा काकांच्या खांद्याला लागला. त्यांच्या हातातला तांब्या पडला, पायऱ्यांवरून खालपर्यंत वाजत गेला. मग सगळंच कुणी कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेलं. ज्या माणसानं या प्रत्येकाच्या पोरांना देवापुढे घातलं होतं त्याला त्यांनी लाथांनी तुडवलं. त्याचं धोतर सुटलं. तोंडातून रक्त आलं. मी आईला धरून खांबापाशी उभी होते. एक वाक्य पुरेसं होतं. ते केलं मी, एवढंच वाक्य. ते माझ्या घशात होतं, मला त्याची चव आठवते. मी ते गिळलं.

दादा तोवर मागे होता. आम्हीही गुरवच, काकांचंच रक्त, आणि लोक आता आमच्याकडेही बघायला लागले होते. ते त्यानं ओळखलं. तो गर्दीतून पुढे आला. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, नुसता दांडा, पातं काढलेला. त्यानं काकांचा उजवा हात मनगटाशी धरला, देवळाच्या पायरीवर ठेवला आणि दांडा मारला. एकदा नाही. तीनदा. हाड मोडण्याचा आवाज सुक्या फांदीसारखा येत नाही, लोक लिहितात तसा. तो ओला असतो, दबका. बोंडू पायाखाली आल्यासारखा.

त्यानंतर सगळे आपापल्या घरी गेले.

काकांनी कुणाचं नाव घेतलं नाही. हाडवैद्यानं पट्टी बांधली, पण बोटं वाकडीच राहिली. बाबलो महिन्याभरात गाव सोडून गेला तो परत आला नाही. काकांना भरवायचं काम माझ्याकडे आलं. जनेलाशी, खिडकीशी, त्यांची खाट होती, तिथे बसून मी कुलेरानं पेज द्यायची. जवळजवळ महिना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. एका दुपारी भरवता भरवता पेज त्यांच्या उशीवर सांडली, आणि मी बोलले. तेलाचं, ताटलीचं, सगळं. दादाचंही.

काका बाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "माका तेवाच कळला होता गो बाय. पाकळी हातात घेतली आणि तेलाचो वास इलो."

मी विचारलं, मग लावली कशाला?

ते म्हणाले, "माझ्याय झिलाक काम होया होता."

एवढंच. मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी पुढचा घास दिला. त्या दिवसानंतर मी केसांना तेल लावलं नाही. लोकांना वाटतं मास्तरणीची फॅशन.

काका पुढे अकरा वर्षं जगले, आणि देवाला विकणारा गुरव म्हणून गेले. तिरडीला चार माणसं मिळवताना आम्हाला दोन घरं जास्त फिरावी लागली. त्यांचा हात गेल्यावर देवाची पूजा दादाकडे आली, दुसऱ्या कुणाकडे येणार? त्यांचा हात ज्यानं मोडला त्याच्याच हातानं त्यानंतर पाकळी लागू लागली. दादानं लग्न केलं नाही, मीही केलं नाही. एकाच घरात, एकाच मेजावर आम्ही तीसेक वर्षं जेवलो. माशाला मीठ कमी आहे, छपराला गळती आहे, मतदानाला जायचं आहे, सगळं बोललो. ते एक सोडून.

डोंगर मात्र निर्लज्ज. कुजलेल्या बोंडवांतल्या बिया मातीत राहिल्या होत्या, त्यांतून काजू आपणहून उगवला. फणस, किंदळ परत आले नाहीत, पण काजूनं डोंगर भरला. गावातली पोरं आता त्या काजूवर हंगाम काढतात आणि बाकीचं वर्ष मोबाईलवर काढतात. आजूबाजूच्या खाणीही बंद, ट्रक दारात गंजत उभे. पुन्हा दिवसा पुरुष घरात दिसायला लागले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता कुणीतरी येणार.

ते मागच्या पंधरवड्यात आले. या वेळी दोघं, एक तरुण आणि एक तरुणी, अतिशय गोड बोलणारे. डोंगरावर आरोग्यधाम काढायचं आहे, परदेशी पाहुणे, घरटी एक नोकरी. पडद्यावर चित्रं दाखवली, हलणारी, त्यात आमचाच डोंगर आणि त्यावर काचेची घरं. पैसे नकोत, म्हणाले. फक्त जागा तेवढी मोकळी करून द्या, लाकूड आम्ही हलवू. मुलगी देवळाच्या पायरीला हात लावून पाया पडली. कोणती पायरी ते तिला माहीत असण्याचं कारण नाही. ते ठग आहेत की नाहीत हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ही वाक्यं मी आधी ऐकली होती.

कौल आज सकाळी होता. मी पहाटे उठून रिठ्यानं केस धुतले, कोरडेच, तेलाचा थेंब न लागलेले, तरी दोनदा धुतले. पिटकोळी खुडली आणि ताटली नेऊन दादापुढे ठेवली. दादा आता सत्तरीकडे झुकलेला. त्यानं पहिली पाकळी उचलली. ती पाण्यात बुडवण्याआधी त्यानं नाकाशी नेली. मग दुसरी. मग तिसरी. एकेक करून त्यानं सगळ्या पाकळ्या हुंगल्या. गावाला वाटलं म्हातारा झाला. एवढ्या वर्षांत प्रत्येक कौलाला मीच फुलं आणून देते आणि त्याला हे करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

डावी पडली.

मागून एक आवाज आला, तरुण, सरळ, त्यात काही वाईट हेतू नव्हता. "परत इचारा."

मी उठले. गुडघ्यांनी आवाज केला. खांबाला धरून उभी राहिले, त्याच खांबाला, आणि जे गिळलं होतं ते सांगितलं. उजव्या पाकळ्यांना मी केसांचं तेल लावलं. पांडूकाकांनी देवाला विकलं नाही, मी फसवलं. त्यांना वास आला होता आणि त्यांनाही मुलासाठी काम हवं होतं, हे मात्र मी सांगितलं नाही. तेवढं खोटं मी त्यांच्या बाजूनं बोलले, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. म्हातारी माणसं खाली बघत होती. त्यांतल्या काहींच्या लाथा मला अजून आठवतात.

तो तरुण आवाज पुन्हा आला, या वेळी जरा ओशाळून. "ती गजाल जुनी झाली, बाय. काम आमका आज होया. परत इचारूया."

दोनचार जणांनी माना हलवल्या. मग आणखी काहींनी. दादानं ताटली खाली ठेवली. तो गाभाऱ्यातून बाहेर आला, माणसांच्या मधून चालत दारापर्यंत गेला, आणि पायरीवर बसला. धोतराच्या सोग्यानं त्यानं पायरी पुसली आणि त्यावर आपला उजवा हात पालथा ठेवला.

"इचारतंय," तो म्हणाला. "पण आदी हो हात मोडा."

बाहेर ऊन चढलं होतं आणि डोंगरावरून काजूचा वास येत होता. मी जाऊन त्याच्या बाजूला बसले आणि माझा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला.